जुलैच्या मध्यापर्यंत बंद

जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या मराठी मंडळात डोंगराची सहल ठरवायची असली की आधी ऊर्मिलाला विचारतात. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. गंतव्य ठरवून मग वाट शोधणारे लोक तिला पटत नाहीत. "आधी बंद काय आहे ते सांगा," ती म्हणते, "मग बघायचं काय ते ठरवू." कुठल्या कड्यावर ससाण्याची अंडी आहेत, कुठल्या घाटात वसंतातही बर्फ राहतो, हे ती सहलीच्या कितीतरी आधी तपासते. घरच्या सहलीत मात्र तिचं हे शास्त्र दोन वर्षं हरलं.

तिचे सासरे पद्माकर पुण्याच्या भूमापन खात्यातून निवृत्त झाले. नकाशांवर सीमारेषा काढण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली. एकदा तरी देशाची सीमा पायी ओलांडायची, ही त्यांची इच्छा. बायरिशर वाल्ड या सीमेवरच्या जंगलातल्या राष्ट्रीय उद्यानातून चेक हद्दीत उतरणारी एक अरुंद पायवाट त्यांनी नकाशात हेरली होती. वर्षभर उघडा असणारा रुंद रस्ताही जवळच होता. तो त्यांनी नाकारला. "डांबरावरूनच जायचं तर बस काय वाईट?"

अडचण अशी की त्या जंगलात आउअरहून नावाचा मोठा रानकोंबडा आहे. त्याची मादी जमिनीवर अंडी घालते. म्हणून गाभ्यातल्या काही वाटा जुलैच्या मध्यापर्यंत बंद असतात. आणि पद्माकर व त्यांच्या पत्नी नंदिनी जर्मनीत यायचे ते पुण्याचा उन्हाळा टाळायला, एप्रिल संपता संपता. नव्वद दिवसांचा व्हिसा जुलैअखेर संपायचा. तोवर नातीची, अन्वीची, शाळा सुटायची आणि सगळं घर एकाच विमानाने भारतात जायचं, म्हणजे म्हाताऱ्यांना विमानतळावर सोबत मिळते. शेवटचे दोन आठवडे खरेदीत आणि बॅगा भरण्यात जायचे. इथली निम्मी मराठी घरं असंच करतात. पक्ष्यांची वीण आणि आईवडिलांची भेट एकाच वेळी येते, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये ते तिथवर गेलेच. पाटी होती, दोरी होती. सह्याद्रीत किल्ले चढलेल्या माणसाला पाटी ही माहिती वाटते, हुकूम वाटत नाही. पद्माकरांनी काठी दोरीपलीकडे टेकवली.

"बाबा, पाय मागे घ्या," ऊर्मिला म्हणाली.

"अगं, कोण आहे इथं बघायला?"

"कोंबडी आहे."

ऊर्मिलाचा नवरा कपिल वैतागला. "पाच तास गाडी चालवलीय मी. थोडं पुढे जाऊन आले तर काय बिघडतं?"

"ओपा, नाइन! फेरबोटन! मनाई आहे!" अन्वीने आजोबांचा शर्ट धरला.

नंदिनी दगडावर बसल्या होत्या. "अहो, तिला पिल्लं आहेत, तुम्हाला नातवंड आहे. या इकडे."

पद्माकरांनी काठी उचलली. "सुनेनं सासऱ्याला रानात अडवलं, हे पुण्यात सांगू नका कुणी."

त्या हिवाळ्यात पद्माकरांना डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही गुडघे बदलावे लागतील, आणि लवकर. नंतर चालता येईल, पण डोंगर विसरा. आता एकच उन्हाळा हाती होता.

ऊर्मिलाने नकाशा बाजूला ठेवला आणि घराचं वर्ष उलटं मांडलं. यंदा सुट्टीत आपण भारतात जायचं नाही. आईबाबांनी शाळा सुटल्यावर यायचं आणि गणपतीआधी परतायचं. शस्त्रक्रिया गणपतीनंतर. कपिलने महिनाभर वाद घातला. "आल्झो, म्हणजे एका पायवाटेसाठी अख्ख्या घराची सुट्टी फिरवायची?"

"हो."

नंदिनींची हरकत जास्त व्यवहारी होती. ऐन पावसाळ्यात पुण्याचं घर बंद ठेवलं तर भिंतींना बुरशी येते. शेजारच्या दत्ताकाकांनी रोज खिडक्या उघडायचं कबूल केलं, तेव्हा त्या मानल्या. मग ऊर्मिलाने स्वतः डॉक्टरांना फोन केला. चढाला हरकत नाही, उतार जपून, नंतर दुखणार, असं उत्तर मिळालं. तिच्या दृष्टीने ती परवानगी होती.

ऑगस्टमध्ये ते पहाटेच निघाले. दोरी नव्हती. नंदिनी खालच्या गावात थांबल्या. ऊर्मिलाने घडीचं स्टूल पाठीवर बांधलं होतं. ठरावीक अंतरावर ती ते उघडायची आणि पद्माकर निमूटपणे बसायचे. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर उजवा गुडघा सुजला. वाट मुळांमधून वर जात होती.

"बास," कपिल म्हणाला. "बाबा, परत फिरू. ऊर्मिला, तू सांग ना त्यांना. नियम तूच करतेस ना?"

"पाटीचा नियम मी सांगते. गुडघा त्यांचा आहे. त्यांना विचार."

पद्माकर गुडघ्याची पट्टी आवळत होते. त्यांनी मान वर केली नाही. "किती राहिलं?"

"आलो त्याच्या निम्मं," ऊर्मिला म्हणाली. "आणि परत यायचं सगळं."

"खोटं सांगितलं असतंस तरी चाललं असतं," ते म्हणाले आणि काठीवर रेटा देऊन उठले.

सीमेवर ना पहारा होता ना कुंपण. दगडी खुणेच्या अलीकडे स्प्रूसची उंच झाडं आणि पलीकडेही तीच. पद्माकर पलीकडे गेले, वीसेक पावलं चालले, वळून त्यांनी खुणेची रेघ नीट डोळ्यांखालून घातली. "आखणी चांगली आहे," एवढंच म्हणाले. अन्वीने फोटो काढला. त्यात त्यांचे डोळे मिटलेले आले.

उतरायला चढण्याच्या दुप्पट वेळ लागला. उंच दगडांच्या ठिकाणी ते कड्याकडे तोंड करून, पाय मागे टाकत उतरले, किल्ल्यावरच्या पायऱ्या उतरतात तसे. वर येणारं एक जर्मन जोडपं वाट देऊन थांबलं. कपिलने हात पुढे केला, तो त्यांनी दोनदा झटकला आणि तिसऱ्यांदा धरला.

गाडीपाशी पोचल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी एकेक पाय उचलून आत घेतला. ऊर्मिला स्टूल डिकीत टाकत होती. "कपिल," त्यांनी आतून हाक मारली, "डॉक्टरांना कळव. ऑपरेशनची तारीख द्या म्हणावं."