ऑटोमॅटिक गिअर आणि मुलीचा मामा

आमच्या नव्या पिकअपचा गिअरबॉक्स आजवर एकदाही बिघडलेला नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण पुढचं वाचून कुणाचाही गैरसमज होईल. माझा तर दोन महिने झाला होता!

गाडी घेतली ती मी आणि माझा मेहुणा बाळू, अशी दोघांत मिळून. बाळू मखमलाबादला फुलशेती करतो. मी इंदिरानगरात राहतो आणि शाळेत विज्ञान शिकवतो. त्याला झेंडू वाहायचा होता, मला माणसं. म्हणून पुढे पाच जणांची केबिन आणि मागे हौदा अशी गाडी ठरली. रंगावर चटकन एकमत झालं. गिअरवर मात्र मी अडून बसलो.

"ऑटोमॅटिकच घ्यायची. क्लच दाबून दाबून माझा गुडघा गेलाय."

"दाजी," बाळू म्हणाला, "गुडघा बदलून मिळतो. ऑटोमॅटिक गिअर गेला तर?"

एवढं सहज बोलून तो फुलं तोडायला निघून गेला. माझी मात्र झोप उडाली. पुढच्या आठ दिवसांत गिअरबॉक्सचे जेवढे व्हिडिओ मी पाहिले, तेवढा अभ्यास बी.एस्सी.ला केला असता तर आज मुख्याध्यापक असतो. एका व्हिडिओत एक गोरा गृहस्थ काळ्या तेलात बोट बुडवून चाळीस मिनिटं नकारार्थी मान हलवत होता. त्याचं इंग्रजी निम्मं कळलं नाही, पण मान कळली.

शोरूममधल्या माणसाने धीर दिला, "सर, या गिअरचं तेल बदलायचंच नाही. लाइफटाइम आहे."

"कुणाच्या लाइफचा टाइम? गाडीच्या की माझ्या?"

तो माझ्यासाठी पाणी आणायला गेला. पाणी घेऊन आला तो दुसराच माणूस!

गाडी घरी आली आणि तिच्याबरोबर सक्तीची शांतता आली. गाडीत बसलं की एसी बंद, गाणी बंद, बोलणं बंद. "शू! गिअर बदलतोय! दुसरा पडला... तिसरा... ऐकलंत? किंचित हुंकार दिला त्याने."

माझी बायको मंगल खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अहो, माझ्या दोन बाळंतपणांत एकदा तरी असा कान लावला होता का?"

एकदा तर खरोखरच आवाज आला. टिक-टिक, टिक-टिक. मी घामाघूम होऊन तसाच सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मेकॅनिकने आत डोकावून चालू राहिलेला इंडिकेटर बंद केला आणि माझ्याकडे न बघता पुढच्या गाडीकडे वळला. (त्यानंतर माझी गाडी फाटकात दिसली की तिथली निम्मी माणसं जेवायला जात. सकाळी दहालासुद्धा.)

आता आईबद्दल. आई मूळची कळवणकडच्या खेड्यातली. गाडीच्या पूजेला ती लिंबू, मिरच्या आणि बिब्बा काळ्या दोऱ्यात ओवून घेऊन आली.

"बांध म्होरं. नव्या वस्तूला लय नजर लागती."

शेजारची पंधरा-वीस माणसं पेढ्याची वाट बघत उभी होती. शाळेत दरवर्षी अंधश्रद्धेवरचं भाषण माझं असतं. सवयीने ते सुरू झालं.

"आई, गिअर नजरेने बिघडत नाही. घर्षणाने बिघडतो!"

"मंग त्या घर्षनाला बांध!"

लोक हसले. मी तो सगळा ऐवज सर्वांसमक्ष कचऱ्याच्या डब्यात टाकला. आईचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या बाबतीत मी एक बारीकशी खबरदारी घेतली. ती इथे सांगण्याइतकी महत्त्वाची नाही.

आणि मग आलं सोनलचं लग्न. सोनल म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, आणि मी तिचा एकुलता एक मामा. हिला सायकल शिकवताना मी गटारात पडलो आहे, हिच्या गणिताच्या पेपरला हिच्यापेक्षा जास्त घाबरलो आहे. लग्नात मुलीला मांडवात आणायचं ते मामाने, मंगलाष्टकं होईपर्यंत पाठीशी उभं राहायचं तेही मामाने. लग्न सटाण्याला, मुहूर्त बारा पस्तीसचा. बाकी सगळे आदल्या दिवशीच पोचले होते. आम्ही तिघं, म्हणजे मी, मंगल आणि आई, सकाळी सातला रुखवत घेऊन निघालो. मागच्या हौद्यात आईने केलेली शंकरपाळ्यांची तुळस, साखरेचा बंगला आणि लोकरीची बदकं. माझ्या अंगावर खास शिवून घेतलेला क्रीम रंगाचा सूट.

वाटेत देवळा गावाच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो. चहा चांगला होता. परत येऊन गाडी सुरू केली, ब्रेक दाबला, गिअरची दांडी ओढली.

हलेना!

पुन्हा ओढली. पार्किंगमधून दांडी तसूभर सरकेना. दोन महिने ज्या क्षणाची धास्ती घेतली होती तो क्षण आला होता. खोटं कशाला बोलू, घाबरलो, पण त्या भीतीच्या आत कुठेतरी थोडं समाधानही होतं. म्हटलं नव्हतं मी?

"गेला! गिअरबॉक्स गेला!" मी ओरडलो. "आई, तू मघाशी त्या दांडीवर खणांची पिशवी टेकवली होतीस!"

"आरं, दोन खन होते त्यात..."

"दोन असले म्हणून काय झालं? आतले भाग नाजूक असतात!"

आईने पिशवी पोटाशी धरली. एव्हाना टपरीवरची माणसं चहा सोडून जमली. टपरीवाल्याने तिकडच्या बोलीत विचारलं, "काय व्हयनं, भाऊ? गाडी तर नवी शे!"

आठ जणांनी गाडी ढकलली. गाडी ढिम्म. (पार्किंगमध्ये अडकलेली गाडी ढकलून हलत नाही, हे मी नववीला शिकवू शकलो असतो, पण त्या वेळी माझ्यातला शिक्षक रजेवर होता.) मागे फक्त एक लोकरीचं बदक पडलं.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिकडून मंजूळ आवाज आला, "गाडी जागची हलत नसल्यास कृपया जवळच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन या."

मग बहिणीचा फोन. "दादा, कुठे पोचलास?"

"देवळ्याच्या अलीकडे."

"अरे, तासापूर्वीही तिथेच होतास!"

"हो. तीच तर अडचण आहे."

तिने आवाज खाली आणला. "भटजी म्हणतायत, मामा वेळेवर आले नाहीत तर शांतारामभाऊंना उभं करू."

शांतारामभाऊ हे आमचे कुठल्यातरी लांबच्या नात्याने भाऊ. गाडीला स्टेपनी असते तसे लग्नाला शांतारामभाऊ! मामा कमी पडो, काका कमी पडो, फेटा बांधून हजर. मी काही बोलायच्या आत सोनलनेच फोन हिसकावून घेतला.

"मामा, तू आल्याशिवाय मी खोलीतून बाहेर येणार नाही. मुहूर्त गेला तर जाऊ दे." आणि ती रडायला लागली.

साडेअकरा वाजत आले होते.

तेवढ्यात टपरीवाला ट्रॅक्टरच्या एका मेकॅनिकला घेऊन आला. त्याचं नाव दगा. (बागलाणात हे नाव घरोघर असतं, पण बंद पडलेल्या गाडीजवळ ऐकायला बरं वाटत नाही.) दगाभाऊंनी दार उघडून खाली पाहिलं.

"क्लच कोठे शे?"

"याला क्लच नसतो."

"मंग चालस कशी?"

"सध्या चालत नाहीच आहे!"

क्लच नसतो यावर दगाभाऊंचा काही केल्या विश्वास बसेना. ते टॉर्च घेऊन सीटखाली उताणे झोपले आणि तो शोधू लागले. मी घड्याळ पाहिलं. दूध घालून सटाण्याकडे परतणारा एक मोटरसायकलवाला म्हणाला, "बसा सर, सोडतो." किटल्या दोन्ही बाजूंना होत्या, मधे वीतभर जागा होती.

मंगल म्हणाली, "जा तुम्ही. मी आणि आई बघतो गाडीचं."

"गिअरबॉक्स गेला खड्ड्यात!" मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच निघालं. मी एक पाय किटलीवरून पलीकडे टाकला, आणि सीटखालून आवाज आला.

"सापडना!" (तिकडच्या बोलीत सापडना म्हणजे सापडलं.)

"क्लच?"

दांडीचं आवरणही उचकून पाहून दगाभाऊ पकडीत काहीतरी धरून बाहेर आले. "क्लच नही. हाऊ बिब्बा शे! दांडीना खाले अटकेल व्हता. गेरमा बिब्बा कोनी टाका?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. लाज वाटते सांगायला, पण मीही आईकडेच पाहिलं.

आईने चष्मा लावला, बिब्बा निरखला. "बिब्बा माझाच हाय. ह्याला इथं चीर हाय बघा. पर दोरा माझा नाय. मी काळ्या दोऱ्यात ववते. ह्यो पांढरा हाय."

मंगलने पुढे होऊन तो दोरा पाहिला. पांढरा, जाडसर, टोकाला पत्र्याची बारीक नळी.

"अहो," ती फार हळू म्हणाली, "हा परीक्षेतल्या पुरवणीचा दोरा आहे. आपल्या घरात पुरवण्या बांधणारा एकच माणूस आहे ना?"

मी एका पायावर उभा होतो. दुसरा अजून किटलीवरच होता.

होय! तीच ती बारीकशी खबरदारी! पूजेच्या दुसऱ्या दिवशी, घंटागाडी यायच्या आधी, मी कचऱ्याच्या डब्यात हात घालून तो बिब्बा काढला होता. काळा दोरा कुणाच्या नजरेत भरेल म्हणून पुरवणीच्या दोऱ्याने दांडीच्या बुडाशी, आवरणाच्या आत, कुणाला दिसणार नाही असा बांधला होता. गाठ सैल पडून तो नेमका खाचेत जाऊन बसला. गिअरबॉक्स बिचारा ठणठणीत होता!

दगाभाऊ माझ्याकडे टक लावून पाहत होते. "दुसराना काममा बिब्बा टाकनारा मी बराच देखात, मास्तर. सोताना गेरमा टाकनारा आज पहिला देखा!"

टपरीवर जो हशा उठला तो देवळ्यापर्यंत गेला असेल. पुरावा नष्ट करावा म्हणून मी पकडीतला बिब्बा ओढला आणि पँटच्या खिशात कोंबला. दगाभाऊ ओरडले, "खिसामा नको टाकू!" पण मी गाडीत बसलो होतो. ब्रेक दाबला, दांडी ओढली, लोण्यातून सुरी जावी तशी सरकली. सटाणा येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. या वेळी मी शू म्हटलं नव्हतं.

"आई," शेवटी मीच म्हणालो, "चुकलं माझं. उगाच बोललो तुला."

"म्होरं बघ," आई म्हणाली.

मंगल कार्यालयात शिरलो तेव्हा माइकवर पुकारा चालू होता, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" शांतारामभाऊ फेटा सावरत सोनलच्या खोलीच्या दाराशी उभे, आणि दाराला आतून कडी.

"सोनू, मी आलो गं!"

कडी निघाली. डोळ्यांतलं काजळ गालांवर आलेलं, मुंडावळ्या वाकड्या झालेल्या. "गिअर गेला ना शेवटी?" तिने विचारलं.

"नाही गं. सगळं सांगतो, आधी चल." तिचा हात धरून मी तिला मांडवात आणलं. शांतारामभाऊ अक्षता घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसले.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी सोनलच्या पाठीशी ताठ उभा होतो. पहिल्या रांगेतल्या बायका माझ्याकडे बघून एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. मला वाटलं, सुटाचं कौतुक चाललंय. खाली पाहिलं तर क्रीम पँटवर खिशापासून मांडीपर्यंत तळहाताएवढा काळाकुट्ट डाग! पकडीने बिब्बा ठेचला होता आणि त्याचं तेल पाझरत होतं. उरलेली मंगलाष्टकं मी अक्षतांचं तबक मांडीपुढे धरून काढली. लग्नाच्या अल्बममध्ये मामा प्रत्येक फोटोत तबकामागे लपलेला आहे.

आमचा धोबी डाग बघून हसला. म्हणाला, "सर, हा जात नाही. आम्ही याच रसाने कपड्यांवर खुणा करायचो." मांडीवर बिब्बा उतून जे फोड आले त्यांची हकीकत डॉक्टरांना सांगावी लागली, आणि डॉक्टर माझेच माजी विद्यार्थी. अंधश्रद्धेवरचं माझं भाषण त्यांना अजून पाठ होतं!

पुढच्या रविवारी आई काळा दोरा आणि नवा बिब्बा घेऊन हॉलमध्ये आली. मी मुकाट्याने गाडीची किल्ली पुढे केली.

"किल्ली ठिव," आई म्हणाली. "गाडीत काय खोट नाय. हात म्होरं कर."

आणि तिने तो माझ्या मनगटाला बांधला. बिब्ब्याला आधी नीट कापडात गुंडाळलं होतं. विज्ञानाच्या शिक्षकाने हे लिहू नये, पण त्या दिवसापासून गिअरबॉक्सचा आवाज एकदाही आलेला नाही.