चादरीवालीचा उन्हाळा
समुद्रकाठच्या लॉजमध्ये चादरी धुणाऱ्या बाईला उन्हाळाभर मान वर करायला फुरसत नसे. यंदा त्याच किनाऱ्यावर टीव्हीचा रिॲलिटी शो चालू होता. दूर भावाकडे अंथरुणाला खिळलेली तिची आई तो रोज न चुकता बघायची.

"तुमच्याकडे सगळे नुसते लोळतच असतात की गं!" आई फोनवर म्हणाली.

"अगं आई, ते लोळतात त्या चादरींतली वाळू मी झटकते."

"चल, काहीतरीच तुझं!"

मग एका सकाळी आई गेल्याचाच फोन आला. ओली चादर तिथेच टाकून ती धावली.

"दुखणं वाढल्याचं आधी का नाही कळवलंत, वहिनी?"

वहिनीने डोळे पुसले. "आईंनीच कळवू दिलं नाही. म्हणाल्या, जन्मात पहिल्यांदा पोरगी मजा करतेय, करू दे."