एकही लेखी तक्रार नव्हती

माझ्या साडूचं अक्षर फार सुरेख आहे, आणि ते मला पहिल्यापासून खुपतं. तो शाळामास्तर, आता निवृत्त. मी मिरकरवाड्याच्या जेटीवरचा मासळीचा व्यापारी. दोघी बहिणी आम्हा दोघांच्या घरी आल्या, पण सासरवाडीला गेलं की त्याच्यापुढे खुर्ची सरकवली जाते आणि मला नुसतं ‘या, बसा’. डोक्यावरून मासळीच्या पाट्या वाहून मी धंदा उभा केला, दोन टेम्पो घेतले, स्लॅबचं घर बांधलं. लोक मला व्यवहाराला पक्का म्हणतात. त्याला चांगला माणूस म्हणतात.

आमची सहकारी बँक अडचणीत आली आणि पैसे काढण्यावर निर्बंध आले, तेव्हा गावातली निम्मी माणसं तिच्या बंद शटरसमोर उभी होती. बंदरावरच्या मासळीवाल्या मावश्या होत्या, बागायतदार होते, पेन्शनवाले होते. मीही होतो. पण माझ्याजवळ असं काहीतरी होतं, जे त्यांच्यापैकी कोणाजवळ नव्हतं.

त्याच्या वर्षभर आधी मी बँकेत बोटीसाठी कर्ज मागायला गेलो होतो. मॅनेजरने घराचे कागद तारण मागितले. एका संचालकाच्या भाच्याला मात्र ट्रॉलरसाठी विनातारण कर्ज मिळाल्याचं मला जेटीवरच कळलं होतं. मी मॅनेजरच्या टेबलावर हात आपटला आणि तसाच तडक सहकार खात्याच्या कचेरीत गेलो. बँकेत विनातारण कर्जं वाटली जातायत, तपासणी करा, असा अर्ज लिहिला आणि माझ्या प्रतीवर गोल शिक्का मारून घेतला. लोकांच्या भल्याचा विचार त्यात नव्हता. त्या भाच्याला मिळालं आणि मला नाही, एवढंच डोक्यात होतं. खात्याकडून काही उत्तर आलं नाही. मीही राग ओसरल्यावर कागद कपाटात टाकला.

पुढे विरोधी पक्षाचे एक आमदार ठेवीदारांना भेटायला रत्नागिरीत आले. अधिवेशनात सरकारला प्रश्न विचारायचा होता. सभेचा हॉल भरला होता. माझा साडू पुढच्या रांगेत बसून एकेकाचं म्हणणं लिहून घेत होता, त्याच त्या टपोऱ्या अक्षरात. आमदार म्हणाले, “सरकारला आधीच कल्पना होती असं दाखवणारं काही असेल तर द्या. तसं काही मिळालं तर त्यांना हात झटकता येणार नाहीत.”

मी आमदारांच्या पीएला बाजूला घेतलं. “माझ्याकडे एक कागद आहे.”

“द्या की मग.”

“विधानसभेत माझं नाव घ्या. आणि गॅलरीत बसायचा पास मला हवा.”

तो हसला. “काका, आधी कागद तर दाखवा.”

“आधी पास.”

आमच्या जेटीवर लिलावाची एक रीत आहे. भाव जमत नसेल तर आपण पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. मागे बघायचं नाही. दहा पावलांच्या आत हाक येते, “ओ शेठ, या इकडे, काय ते बोला.” आयुष्यभर मी असाच माल घेतला. तशी पाठ फिरवली आणि चालू लागलो. दारापर्यंत पोचलो. चपला घातल्या. हाक आली नाही. मागून माझ्या साडूचा आवाज तेवढा ऐकू येत होता, “मावशी, तुमचं खातं कोणाच्या नावावर, सांगा.”

दोन आठवड्यांनी बायको म्हणाली, “भावोजींना मुंबईला बोलावलंय. गॅलरीत बसायला पास दिलाय त्यांना.”

“मग? मी काय पेढे वाटू?”

“तुमच्याकडे तो शिक्क्याचा कागद होता ना? भावोजींकडे द्यायचा होता.”

“त्यांच्याकडे? फुकट?”

ती आमटी वाढून आत निघून गेली. ताटातली आमटी निवून गेली तरी मी घास उचलला नाही.

प्रश्नाच्या दिवशी सकाळचा लिलाव आटोपून मी बर्फाच्या कारखान्याच्या ओट्यावर मोबाइलवर विधानसभा बघत बसलो. शेजारी चारपाच जण वाकून बघत होते. आमदार उभे राहिले. रत्नागिरीतल्या एका निवृत्त शिक्षकाने तीनशेवर ठेवीदारांची कैफियत स्वतःच्या हाताने लिहून आणली आहे, आणि ते आज इथे उपस्थित आहेत, असं त्यांनी सांगितलं. ओट्यावरचा एक जण मला ढोसून म्हणाला, “शेठ, तुमचे साडू की हो!” त्याने लिहिलं काय, तर दुसऱ्यांची रड. पदरचं एक अक्षर नव्हतं त्यात.

मग मंत्री उठले. शांतपणे म्हणाले, “निर्बंध लागण्यापूर्वी या बँकेविरुद्ध खात्याकडे एकही लेखी तक्रार आलेली नव्हती.”

विरोधी बाकांवर गोंधळ उडाला. “खोटं आहे!” अध्यक्ष म्हणाले, “तक्रार असेल तर पुरावा द्या.” आमदार कागद चाळू लागले. तेवढ्यात माझा फोन वाजला. पीए होता; सभेच्या हजेरीच्या वहीत माझा नंबर होता.

“काका, तुमचा तो कागद कसला होता? तक्रारीची पोच तर नव्हे?”

“तीच.”

“अहो, मग आत्ताच्या आत्ता फोटो पाठवा. साहेब उभे आहेत. पाचच मिनिटं आहेत.”

कागद माझ्या खिशात होता. आदल्या दिवसापासून बाळगत होतो, कशासाठी ते माझं मलाच ठाऊक. माझ्या तोंडून निघालं, “त्या शिक्षकाचं नाव झालं, आता माझं घ्या. तक्रार मी केली होती, असं सभागृहात सांगा.”

“काका, नावाचं नंतर बघू.”

“नंतर नाही.” आणि मी फोन कापला.

रागाच्या भरात कापला असं मी पुढे बायकोला सांगितलं. ते खरं नाही. मी विचार करून कापला. हाक येणार, याची मला खात्री होती. मोबाइल हातात धरून मी थांबलो. पडद्यावर आमदार अजून बोलत होते, मग अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, “पुढचा प्रश्न.” मी फोटो काढला, पाठवला. पीएने तो बघितला, एवढंच कळलं.

पुढच्या रविवारी ठेवीदारांनी साडूचा सत्कार ठेवला. शाल, नारळ. काहीही मिळालेलं नसताना सत्कार, म्हणून मी शेवटच्या रांगेत बसून मनात हसत होतो. तो बोलायला उभा राहिला. “माझा सत्कार कशाला? दोष आपलाही आहे. वेळेवर आपल्यातला एकही जण जागा नव्हता. एकाने जरी आधी तक्रार केली असती तर आज मंत्र्यांना तसं बोलता आलं नसतं.”

लोकांनी माना हलवल्या. मला ते सोसलं नाही. मी उठलो. “मी केली होती!”

सगळे वळले. मी खिशातून कागद काढून वर धरला. साडू खाली उतरून आला, चष्मा लावून त्याने शिक्क्यावरची तारीख वाचली. त्याच्या तोंडावर आधी आनंदच दिसला, हे मी कबूल करतो. मग तो हळूच म्हणाला, “भाऊ, हा त्या दिवशी तुमच्याकडे होता?”

“होता.”

बंदरावरची एक मावशी, जिच्याकडून मी वर्षानुवर्षं कोळंबी घेत आलो, कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “आणि कोणासाठी ठेवला होतास रे? आमच्या पैशांवर भाव करत होतास?”

मी कागदाची घडी घालू लागलो. साडूने तिला हाताने गप्प केलं, कागद आपल्या फाइलला लावला आणि म्हणाला, “नागपूरच्या अधिवेशनात कामाला येईल.” लोकांनी त्यावरही टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठीच.