मजुरीतली लाखोळी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे म्हणून लगेच मला भला माणूस समजू नका. तसा असतो तर सांगायला काही उरलंच नसतं.

सालेकशाजवळ आमची धानाची शेती. धान कापायच्या आधीच बांधीतल्या ओलीत आम्ही लाखोळीच्या डाळीचं बी फेकायचो. धान गोंदियाच्या गिरणीला जायचं आणि सालदाराची मजुरी लाखोळीत द्यायची. सगळेच देत होते. पण सगळे काय करत होते, ते मी कशाला सांगत बसलोय? आमच्या ताटात तुरीची डाळ असायची. रोज लाखोळी खाल्ली की पाय जातात, हे वडिलांनी मला जेवता जेवताच सांगितलं होतं.

सुकराम आमचा सालदार. एका वर्षी पावसानं दगा दिला आणि त्याच्या घरी लाखोळीच्या भाकरीशिवाय काही शिजलं नाही. उन्हाळ्याच्या आत त्याचे गुडघे आखडले. चवड्यांवर, पायात पाय अडकवत, काठी टेकत यायचा. दया आली का मला? नाही — राग आला. ती काठी अंगणात वाजली की वाटायचं, हा मुद्दाम वाजवतोय.

मग सरकारी डॉक्टर आले. असे पाय गेलेली माणसं बघत ते गावोगाव फिरत होते — मालकांच्या घरांत त्यांना असा एकही सापडला नव्हता. माझ्याच ओसरीवर बसून ते म्हणाले, गेलेले पाय परत येत नाहीत. पण लाखोळी बंद केली तर बाकीच्यांचे वाचतील. मग सुकरामकडे बघून त्यांनी विचारलं, "ये क्या खाता है?"

"खाने का छोडो, डॉक्टरसाब," मी म्हणालो. "दिनभर मोहाची पीता है."

का बोललो? मजुरीत द्यावं लागलं असतं ते धान वाचवायला? की चार लोकांत मान खाली जाऊ नये म्हणून? दोन्हीसाठी. डॉक्टर उठले आणि पुढच्या गावाला गेले.

सुकराम तिथेच उभा होता. त्यानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

"मालक, तुमाले त मालूम आहे, मी पेत नाही. काऊन सांगतलं जी तसं?"

"चूप राय. कामाचा त राहिला नाहीस, वरून तोंड चालवून राहिला?"

गावानं माझंच खरं धरलं. पोरं त्याच्या मागं झिंगत चालायची. मी त्यांना हटकलं नाही; एकदा तर हसलोही.

त्याच्या जागी मी त्याचा धाकटा भाऊ ठेवला — दसरू, चांगला धडधाकट. डॉक्टरांचं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. कोठीत धानही होतं. तो पहिल्यांदा मजुरीसाठी टोपलं घेऊन आला, तेव्हा मी त्यात लाखोळी ओतली. पुढेही तीच ओतत राहिलो. काही वर्षांनी दसरूनंही काठी घेतली.