संकल्पाचे पाणी आणि शंभर सीसीची गाडी

विघ्नहर्त्या गजाननाला आणि आमच्या कुलदेवतेला वंदन करून हा प्रसंग सांगतो. प्रसंग वाहनपूजनाचा, स्थळ हुडकेश्वरमधील आमच्या घराचे अंगण. चाळीस वर्षे मी पौरोहित्य करीत आहे. लोकांच्या असंख्य गाड्यांची पूजा सांगितली. त्या सकाळी मात्र पाटावर यजमान म्हणून मीच बसलो होतो, आणि पूजा सांगायला माझे पाठशाळेतले सहाध्यायी दिगंबरशास्त्री आले होते. समोर नवी शंभर सीसीची मोटारसायकल उभी होती. हँडलला झेंडूचा हार होता.

माझ्या उजव्या तळहातावर पळीभर पाणी आणि अक्षता. उजव्या बाजूला माझी पत्नी सुमती.

"वहिनी, हाताला हात लावा," दिगंबरशास्त्री म्हणाले.

"नाही लावत," ती म्हणाली.

येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. संकल्प म्हणजे पूजेच्या आरंभी देवासमोर केलेले निवेदन. कोण, कुठे, कोणत्या दिवशी आणि कशासाठी हे कर्म करीत आहे, ते यजमान सांगतो व हातातले पाणी ताम्हनात सोडतो. त्या वेळी पत्नी त्याच्या हाताला हात लावते. ह्या कर्माला माझी संमती आहे, असा त्याचा अर्थ. हे वाक्य मी शेकडो स्त्रियांना सांगितले आहे. त्याला कोणी नकार देऊ शकते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

"अगं, गाडी घेतली तेव्हा तू काही बोलली नाहीस," मी म्हणालो.

"तेव्हा मला विचारलं कोणी? आत्ता विचारून राहिले, म्हणून सांगते."

बोटांच्या फटींतून पाणी गळून गेले. दिगंबरशास्त्र्यांनी शांतपणे दुसरी पळी घातली.

तिच्या नकाराला कारण होते. माझ्याकडे पूर्वी साडेतीनशे सीसीची जड गाडी होती. अडीच वर्षांपूर्वी उमरेड रस्त्याच्या बाजूच्या एका गावाहून परत येताना पांदणीत, म्हणजे शेतातल्या वाटेवर, मी पाणी पिण्यासाठी थांबलो. स्टँड काळ्या मातीत रुतला आणि गाडी माझ्या अंगावर कलली. गुडघा खाली सापडला. गाडी हलेना. अर्धा तास मी तसाच पडून होतो. मग एक बैलगाडीवाला आला. गुडघा बरा झाला, गाडी विकली, आणि गावोगावचे यजमान मला न्यायला आपली वाहने पाठवू लागले.

ती वाहने त्यांच्या सोयीने येत. कधी ड्रायव्हर जेवत असे, कधी गाडी खत आणायला गेलेली असे. शेवटी एका वास्तुशांतीचा मुहूर्त माझी वाट पाहण्यात टळला. घरधनी विठोबाजी वयाने माझ्याएवढेच, माणूस सज्जन. ते फोनवर म्हणाले, "गुरुजी, तुमच्याशिवाय आमाले करमत नाही. पण टाइमाचं काही जमून नाही राहिलं. जवळचे महाराज पाहून घेऊ का मंग?"

अशी माझी तीन गावे होती. वडिलांनी मला हाती धरून ज्या घरांत नेले, ती घरे. एक तर स्वतः वेळेवर पोचायचे, किंवा ती गावे सोडायची. म्हणून ही लहान गाडी.

दिगंबरशास्त्री खाकरले. "गुरुजी, शास्त्रात सोय आहे. पत्नी उपस्थित नसेल तर तिच्या जागी सुपारी ठेवून कर्म करता येतं."

"मग त्या सुपारीलाच बसवा मागच्या सीटवर!" सुमती म्हणाली.

मी म्हणालो, "शास्त्रीबुवा, सुपारी अनुपस्थितासाठी असते. ही उपस्थित आहे." दुसऱ्या पळीचेही पाणी संपले होते. मी हात पुसला व तिला विचारले, "तुला काय हवं आहे?"

"तुम्ही पडाल, याला मी भीत नाही. सगळेच पडतात. तुम्ही अर्धा तास गाडीखाली पडून होते, याला भिते. ही गाडी आडवी करा आणि एकट्याने उभी करून दाखवा."

कोपऱ्यावर ज्याचे गॅरेज आहे, तो रमेश मिस्त्री प्रसादासाठी येऊन उभा होता. तो दचकला. "काकू, नवी गाडी हाय वं! घासन ना."

"घासू दे. आणि रमेशभाऊ, तुम्ही हात लावायचा नाही."

मी उठलो. धोतराचा काचा घट्ट खोचला. हार काढून पाटावर ठेवला आणि गाडी उजव्या अंगावर हळूच निजवली. पूजेआधीच साष्टांग नमस्कार घालणारे वाहन मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. हँडल धरून वाकलो आणि जोर लावला. गाडी थोडी उचलली गेली, पण चाक फिरले, गाडी पुढे सरकली आणि पुन्हा खाली बसली. टाकीच्या खालच्या भागावर बोटभर ओरखडा उठला.

"काकाजी, गाडी न्यूट्रलमधी हाय," रमेश म्हणाला. "काकू, तोंडानं सांगू शकतो ना मी?"

"सांगा."

"पहिला गियर टाका, चाक फिरत नाही मंग. साइड स्टँड खाली करून ठेवा, नाही तं उभी झाल्यावर दुसऱ्या अंगाले पडन. आता गाडीकडं पाठ करा. सीटले कंबर टेकवा. एक हात हँडलले, एक मागच्या कॅरिअरले. पाठीनं उचलू नका, पायानं मागं मागं सरका."

मी तसे केले. कुलदेवतेचे नाव घेतले आणि टाचा रोवून मागे रेटले. जुन्या गाडीपुढे हिचे वजन जवळजवळ निम्मे. गुडघा कुरकुरला, पण थांबला नाही. चार लहान पावलांत गाडी माझ्या पाठीमागे सरळ झाली आणि स्टँडवर टेकली. मी सीटवर बसून पाहिले. दोन्ही टाचा पूर्ण जमिनीला लागत होत्या. जुन्या गाडीवर केवळ चवडे पोचत.

"पुन्हा एकदा," सुमती म्हणाली.

"वहिनी, मुहूर्त..." दिगंबरशास्त्री म्हणाले.

"मुहूर्ताला अजून वीस मिनिटं आहेत. मी पण पुरोहिताच्या घरची आहे."

दुसऱ्या वेळी गाडी पहिल्याच प्रयत्नात उभी राहिली. मग सुमती पाटावर आली, पदर सावरून बसली आणि म्हणाली, "घ्या पाणी."

तिसरी पळी. दिगंबरशास्त्र्यांनी देशकालाचा उच्चार आरंभला आणि माझ्या हातावर तिचा हात आला. शास्त्रात स्पर्श पुरेसा आहे. तिची पकड त्याहून बरीच घट्ट होती. पाणी ताम्हनात पडले.

पुढच्या गुरुवारी विठोबाजींच्या घरी सत्यनारायण होता. सावकाश गेलो, दोनदा थांबलो, तरी नियोजित वेळेच्या तासभर आधी पोचलो. विठोबाजी टॉवेल गुंडाळून दारात आले.

"गुरुजी, तुमी तं लयच लवकर आले! घरचे आंघोळ्याच करून राहिले अजून."

"करू द्या," मी म्हणालो. "मी तोवर केळीचे खुंट बांधतो."

तिन्ही गावे आजही माझ्याकडे आहेत. अंधार पडण्याआधी मी घरी परततो.

वाहन किती वेगाने धावते, हे दुकानदार सांगतो. ते पडल्यावर आपल्याला एकट्याने उचलता येईल का, हे आपणच पाहावे, आणि ते विकत घेण्याआधी पाहावे. मी नंतर पाहिले. ओरखडा त्यामुळे पडला.

वाचकहो, आपल्या घरातून जो जो बाहेर पडेल, तो सुखरूप उंबरठ्याशी परत येवो. आपल्या घरी अन्न, आरोग्य आणि एकमेकांची संमती सदैव नांदो. शुभं भवतु.