पहिल्या पानावरची साक्ष

आमच्या ख्रिस्ती मंडळीला यंदा पंचवीस वर्षं होतात म्हणून पुस्तिका काढायची ठरलं. पाळकसाहेबांनी माझ्या हातात चार कोरे कागद दिले. "ताई, पहिलं पान तुमचं. तो दिवस लिहून काढा."

"मी सातवीत शाळा सोडली, साहेब."

"साक्ष द्यायला शाळेचा दाखला लागत नाही."

सगळे हसले, मीही हसले. कागद घरी आणून पिठाच्या डब्यावर ठेवले आणि महिनाभर ते तिथंच पडून राहिले.

तो दिवस म्हणजे काय, ते आमच्याकडं लहान पोरसुद्धा सांगतं. तेव्हा बारामतीत पिठाच्या गिरणीमागं पत्र्याची एक खोली होती, तिच्यात रविवारी सात-आठ माणसं जमायची. खोली अक्काची, गिरणीही तिचीच. अक्का मूळची लोणी भापकरची. चटईवर बसून गाणी म्हणायची, ढोलकी ती स्वतः वाजवायची. पवित्र आत्मा उतरला की माणूस स्वतःला न येणाऱ्या भाषेत बोलायला लागतं म्हणतात, पण वर्ष झालं तरी ती अन्य भाषा अजून कुणाच्या तोंडून निघाली नव्हती. कऱ्हाटीहून एसटीनं येणारे एक तात्या दर रविवारी म्हणायचे, "अक्का, आपल्याच खोलीवर देवाचा राग हाय का काय?"

"तुमी प्रार्थनेत डुलक्या काढताय तात्या, कुणाच्या अंगावर उतरंल तो?"

हे मी नंतर ऐकलेलं. मी तिथं पोचले ती तापात. मेळघाटातून टोळीबरोबर इंदापूरकडं डाळिंबाच्या बागेत कामाला आले होते, पंधरा वर्षांची. काम संपून टोळी परत निघाली तेव्हा मला उठता येत नव्हतं. मुकादम बारामतीच्या सरकारी दवाखान्यात सोडून गेला. अक्का तिथं आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला यायची. मला न्यायला कुणी येत नाही हे तिनं चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी घरी घेऊन आली.

पहिल्याच रविवारी मला चटईच्या कडेला बसवलं. ढोलकी सुरू झाली, माणसं हात वर करून मोठ्यानं रडायला लागली. आश्रमशाळेत शिकलेली मराठी येत होती मला, पण भीती वाटली की माणूस आपल्याच बोलीत ओरडतं. मी कोरकूत ओरडले. आई, मला न्यायला ये, ही माणसं कोण आहेत मला ठाऊक नाही. तेच तेच, कितीतरी वेळ.

अक्कानं ढोलकी टाकली. "उतरला! आत्मा उतरला!" तात्या पालथे पडून रडले. पुढच्या रविवारी माणसं दुप्पट झाली.

काय झालं ते मला कळायला दोन-तीन आठवडे लागले. तोवर मी अक्काच्या अंथरुणात झोपत होते, तिच्या ताटातली भाकरी खात होते. तिनं मला एका मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम लावून दिलं होतं. खरं सांगितलं तर ही मला कुठं पाठवील, एवढंच डोक्यात होतं. मग सांगायचं राहिलं. पुढं इतरांच्याही तोंडून अन्य भाषा निघाली, मंडळी वाढली, टायरच्या दुकानावरचा हॉल झाला, खुर्च्या आल्या, कीबोर्ड आला. दर वर्धापनदिनाला मी उभी राहून सांगायची, त्या दिवशी बोलले ते माझं नव्हतं. पहिली काही वर्षं सांगताना मी अक्काकडं बघायचं टाळायची. नंतर तेही सुटलं. कुणाला घराचा पत्ता सांगावा तसं सांगून मी खाली बसायची.

मग दोन महिन्यांपूर्वीचा तो रविवार. शेवटच्या रांगेत एक नवी बाई येऊन बसली होती, वीस-एक वर्षांची, पदराखाली तान्हं मूल. इथं प्रार्थनेनं ताप उतरतो असं डाळिंबाच्या बागेतल्या कुणीतरी सांगितलं म्हणून एकटीच आली होती. स्तुतीची गाणी चढत गेली तशी ती रडायला लागली. मोठ्यानं, कोरकूत. हॉलमध्ये एकच गजर झाला. सगळ्यांचे हात वर, डोळे मिटलेले. पुढच्या खुर्चीवरून अक्का थरथरत्या आवाजात म्हणाली, "पयल्यावानी! पयल्यावानी उतरलाय!"

ती बाई म्हणत होती, सकाळपासून दूध ओढत नाही, डोळे उघडत नाही, कुणीतरी बघा.

डोळे उघडून तिच्या मांडीकडं बघणारी मी एकटीच होते. मी उठले की सगळं संपतं हे मला कळत होतं. तरी पाय उठले. मी कीबोर्डवाल्याला हातानं थांबवलं आणि तिला तिथूनच कोरकूत विचारलं, कधीपासून? ती लगेच उत्तरली. वर गेलेले हात एकेक करून खाली आले. मी मराठीत म्हणाले, "ही आमची बोली आहे. पोर मरायला टेकलंय. रिक्षा बोलवा."

दवाखान्यात सलाईन लावलं. संध्याकाळी पोरानं डोळे उघडले. आई त्याच्याजवळ, मी बाहेर बाकावर. अक्का काठी टेकत आली आणि शेजारी बसली. हातात आजाऱ्यांना लावायच्या अभिषेकाच्या तेलाची बाटली होती, तिचं झाकण ती उगाच फिरवत होती.

"तुमची बोली हुती व्हय ती?"

"व्हय."

"आन तवा, माझ्या खोलीत?"

"तीच."

"काय म्हणत हुतीस?"

मी सांगितलं. तिनं बाटली बाकावर ठेवली.

"आन मी ढोलकी बडवीत हुते," म्हणाली. मग विचारलं, "आली का गं मग तुजी आई?"

"नाही. दोन वर्षांनी गेली. मला निरोप उशिरा मिळाला."

एवढी वर्षं हे तिनं कधी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. अक्काच रडली, माझ्या पदराला डोळे पुसत.

त्या आठवड्यात मी चारही कागद भरले, जसं घडलं तसं. पाळकसाहेबांनी वाचले आणि घडी घालून खिशात ठेवले. म्हणाले, "ताई, हे छापलं तर लोक काय म्हणतील?"

अक्का शेजारीच होती. "म्हणू द्या की. आत्मा उतरला म्हणून मीच वरडले हुते, ती न्हाय. माजं नाव घाला पायजे तर. पण पयलं पान तिचंच."

ते अजून हो म्हणालेले नाहीत. मी नेहमीसारखी तासभर आधी जाऊन खुर्च्या लावते, आणि कुणी बोलवलं की वाटतं, आलं आता. अजून कुणी जा म्हणालेलं नाही. ती बाई पोराला घेऊन येते, आता पुढं बसते. ती प्रार्थना करायला लागली की अक्का एक डोळा उघडते आणि माझ्याकडं वाकते. परवाही वाकली.

"काय म्हणती गं?"

"बागेतलं काम संपलंय. घरी जायचंय म्हणते."

"मग मुकादमावर नगं सोडायला," अक्का म्हणाली. "गाडीत बसवून द्यायला तू जा." आणि तिनं डोळा परत मिटला.