बेगमपुऱ्यात पुरलेले हाली रुपये

कुमुद बंगळूरला मुलाकडे राहायला गेली आणि आमचं धातू शोधायचं मशीन सात महिने कपाटावर पडून राहिलं. पोस्टातून निवृत्त झाल्यावर आम्ही दोघींनी ते घेतलं होतं. ती मशीन फिरवायची, मी खुरप्याने उकरायचे. एकटीने कुठे जावंसंच वाटेना. मग माझ्या ब्लॉगवर बजाजनगरच्या एका वाचकाचा निरोप आला : "माझे जुने घरमालक बेगमपुऱ्यात एकटे राहतात. पंधरा दिवसांत घर पाडणार आहेत. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी त्यांच्या आईने अंगणात रुपये पुरले होते. याल का?"

नाशिकरोडहून सकाळची गाडी धरली. लासूर स्टेशनला डब्यात शिरलेल्या बाईने विचारलं, "एकट्याच निघाल्या?" मी हो म्हटलं. पुढे दोघी खिडकीबाहेर बघत राहिलो.

छत्रपती संभाजीनगरात स्टेशनजवळ आठशे रुपयांत बरं लॉज मिळतं. गुलमंडीवर गरम इमरती खाल्ली. अर्धी उरली, ती कागदात बांधून घेतली. रिक्षा मकाई दरवाजातून, अंग चोरून, पलीकडे बेगमपुऱ्यात उतरली. माझ्यासारखा छंद असणाऱ्यांना एक सांगते : संरक्षित वास्तूंच्या आसपास मशीन काढूसुद्धा नका. खाजगी अंगणात मालकाची परवानगी घ्या, आणि जुनं काही सापडलं तर सरकारदरबारी कळवा.

घरमालक रशीदचाचा दारातच उभे होते. वय ऐंशीच्या पुढे. हयातभर सायकली दुरुस्त केलेले काळपट हात.

"या बाई. मशीन खोटं तर बोलत नाय ना?"

"खिळ्यालाही नाणं म्हणतं कधीकधी," मी म्हटलं.

अंगण दहा पावलांचं. मी पट्टे आखून फिरू लागले आणि चाचा ओट्यावर बसून सांगू लागले. ते सात वर्षांचे होते, मोठा भाऊ हमीद पंधराचा. भीतीनं सगळं घर हैदराबादला मामाकडे निघालं. निघण्याआधी आईनं दोघा भावांसमोर डाळिंबाच्या झाडाखाली डबा पुरला. वर्षानं परत आले तर झाड कुणी तोडून नेलेलं. आईनं अंदाजानं उकरलं. डबा नाही.

"जागा फक्त आम्हां दोघांनाच ठावं. अम्मीनं काठी उचलली, पयलं मला धरलं. तवा हमीद मधे आला. म्हणला, मी घेतले, उडवले. अम्मीनं त्याला घराबाहेर काढलं. तो हैदराबादला गेला तो गेलाच."

"तुम्ही कधी भेटलात?"

"चोराला काय भेटायचं?"

खिळे निघाले, बाटलीची झाकणं निघाली, सायकलच्या साखळीचा तुकडा निघाला. दुपारी नळाजवळच्या फरशीपाशी मशीन सलग वाजू लागलं. चाचांनी पहारेनं फरशी उचकटली. हातभर खाली गंजून चाळणी झालेला पत्र्याचा डबा, आणि त्यात काळे पडलेले निजामाचे हाली रुपये. अंगठ्यानं एक चोळला तर चारमिनार दिसला. आईनं तेव्हा उकरलेली जागा चाचांनी दाखवली, तिथून जेमतेम तीन हातांवर. आईचा अंदाज तेवढाच चुकला होता.

माझ्या तोंडून आनंदाची आरोळी निघाली. चाचांचा हात मात्र तसाच खड्ड्यात राहिला.

"मग त्यानं घेतले नव्हते," ते म्हणाले.

मग त्यांनी जुन्या वहीतून नातेवाइकांनी कधीतरी दिलेला हमीदचा नंबर काढून माझ्याकडून लावून घेतला. हमीद वारल्याला सहा वर्षं झाली होती. फोन त्याच्या मुलीनं उचलला. चाचांनी सगळं सांगितलं. पलीकडून ती म्हणाली ते मलाही ऐकू आलं. "अब्बा बोलते थे, छोटा था, मिठाई के लिए लिए होंगे. उसको कोई कुछ मत बोलो."

चाचांनी फोन मला परत दिला.

"त्याला वाटलं, मीच घेतले," ते म्हणाले. "तो मला चोर समजला, मी त्याला. त्यानं माफ केलं. मी नाय केलं."

मी पिशवीतली इमरती पुढे केली. त्यांनी तुकडा घेतला आणि हातातच धरून बसले.

परतीच्या गाडीत शेजारी कुणी नव्हतं. नाणी मिळाली की सहल साधली, असं मी आजवर लिहीत आले. या वेळी तसं लिहवत नाही. मशीनला जमिनीतलं कळतं, माणसाचं माणसालाच विचारावं लागतं, आणि तेही वेळेत.

घरी येऊन तीन आठवडे झाले. काल चाचांचा फोन आला. घर पडलं, रुपयांची कचेरीत नोंद झाली, आणि ते हैदराबादला भावाच्या कबरीवर जाऊन आले.

"काय बोललात?" मी विचारलं.

"लई बोलायचं ठरवून गेलो होतो, बाई," ते म्हणाले. "पण तिथं गेल्यावर सात वर्षांचाच झालो. नुसतं म्हणलं, भाईजान, मी बी घेतले नव्हते."